होणाऱ्या आई-वडिलांसाठी गावात वर्ग कसा भरवावा

गरोदरपणाची माहिती बहुतेक वेळा फक्त गरोदर बाईला सांगितली जाते. परंतु दवाखान्यात केव्हा निघायचे, गाडी कोणाची घ्यायची, माहेरी कितव्या महिन्यात जायचे आणि बाळाच्या तोंडी पहिला थेंब कशाचा पडायचा, हे ठरवताना सासू, नवरा आणि माहेरची आई यांचा शब्द चालतो. म्हणून सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावात असा वर्ग भरवायचा असेल, तर बोलावणे साऱ्या घराला द्यावे.

प्रथम आशाताई, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविका यांना भेटावे, कारण गरोदर मातांची यादी त्यांच्याकडे असते. जागा अंगणवाडीची किंवा देवळाच्या सभामंडपाची चालेल. वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी. संध्याकाळचे दूध डेअरीला घालून झाल्यावर पुरुषमंडळी मोकळी होतात, तेव्हाच त्यांना बसवता येते. शक्यतो महिन्याची ८ तारीख धरावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर मातांची मोफत तपासणी होते. आदल्या संध्याकाळी वर्ग झाला की दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर जाण्याचे नवऱ्याच्या लक्षात राहते. गळीत हंगामात एक वर्ग ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर जाऊन घ्यावा. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या त्या बायकांची नावे गावच्या यादीत बहुधा नसतात, आणि गरज तर त्यांना अधिक असते.

वर्गात भाषण देऊ नये. प्रत्येकीने आपले माता व बाल संरक्षण कार्ड आणावे आणि नवऱ्याने ते मोठ्याने वाचावे. वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन हे आकडे त्याला कळले पाहिजेत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय, एवढे त्याने लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या चहा-दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. शौचाला काळी होते म्हणून अनेकजणी गोळ्या मध्येच बंद करतात, तेव्हा त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे सासूबाईंच्या समोरच सांगावे.

सर्वांत जास्त वेळ बाळंतपणाच्या तयारीला द्यावा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सासर कराडकडे आणि माहेर जतकडे असेल, तर सात महिने सांभाळलेली माहिती वाटेतच हरवते. कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे अहवाल तिच्या पिशवीतच असावेत आणि माहेरच्या आशाताईंचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवावा. आठवा महिना लागण्यापूर्वी प्रत्येक घराने दवाखाना कोणता, रात्री गाडी कोणाची, सोबत कोण आणि गरज पडल्यास रक्त कोण देणार, हे कागदावर लिहावे. १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असावेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे आणि ने-आण मोफत असते, हेही स्पष्ट सांगावे, कारण पैशाची जुळवाजुळव करण्यात मोलाचे तास निघून जातात. कोयना जलाशयापलीकडच्या गावांत, जिथे लाँचने यावे लागते, तिथे दिलेल्या तारखेच्या आधीच बाईला दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आणून ठेवणे मला आवश्यक वाटते.

अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा सुजणे, झटके, ताप, कळांआधीच पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे: यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता निघावे.

बाळाविषयी बोलताना आजीचा मान राखावा. तिच्या डिंकाच्या लाडवांना आणि अळिवाच्या खिरीला कोणाचीच हरकत नाही. चीक, म्हणजे आईचे पहिले घट्ट दूध, मात्र पिळून टाकू नये. पहिल्या तासात बाळाला छातीशी लावावे आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय मध, गुटी, पाणी काहीही देऊ नये. नाळेला काही लावू नये, डोळ्यांत काजळ घालू नये आणि बाळाला शेगडीची धुरी देऊ नये. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, श्वास जोरात चालू लागला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. वडिलांनी बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब कशी द्यायची, हे बाहुली घेऊन करून दाखवावे. पुरुष आधी संकोचतात, पण एकाने बाहुली हातात घेतली की बाकीचेही पुढे येतात.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्या भेटींच्या तारखा वर्गातच कॅलेंडरवर मांडून द्याव्यात. दीड महिन्याची लस झाल्यावर त्या आई-वडिलांना बाळासह पुढच्या वर्गाला बोलवावे आणि नव्या जोडप्यांच्या शेजारी बसवावे.