कमी खर्चातला पहिला गेमिंग संगणक: सुटे भाग निवडताना

सुटे भाग जोडून पहिला गेमिंग संगणक तयार करताना आधी ग्राफिक्स कार्ड ठरवावे, कारण खेळाचा वेग मुख्यतः त्यावरच अवलंबून असतो. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा तरी त्यासाठी राखून ठेवावा. १९२० × १०८० च्या मॉनिटरला ८ जीबीचे रेडिऑन आरएक्स ६६०० पुरेसे आहे. त्यासोबत रायझन ५ ५६०० चांगला जुळतो; मात्र या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स (कार्डाशिवाय पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय) नसल्याने कार्ड नंतर घेण्याचा बेत असल्यास तो उपयोगाचा नाही. हा एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) असल्याने मदरबोर्डही त्याच सॉकेटचा आणि रॅम डीडीआर४ प्रकारची हवी. १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन्ही एकत्र वापरल्या जाऊन वेग वाढतो.

पॉवर सप्लायवर मात्र काटकसर करू नये. वळवाच्या पावसात सांगलीत वीज ये-जा करते, दाबही खाली-वर होतो. अशा वेळी ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाण्याचे मानांकन) प्रमाणित, नामवंत कंपनीचा ५५० वॉटचा सप्लाय आणि सोबत यूपीएस असावा. रंगीत दिव्यांची कॅबिनेट दिसते छान, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात समोर जाळी असलेलीच कामाची. प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर अनुक्रमांक लिहिलेला आहे, याची दुकानातच खात्री करावी.