क्रूझवर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना रमवायचे कसे

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचे आरक्षण करताना घरात दोनच टोकांचा विचार होतो: आजी-आजोबांना लिफ्टजवळची केबिन मिळेल का आणि धाकट्याला खेळायला जागा आहे का. नववी-दहावीतले मधले मूल गृहीत धरले जाते. जहाजावर पोहोचल्यावर कळते की लहान मुलांसाठीचा कक्ष बहुधा बाराव्या वर्षापर्यंतच असतो आणि कॅसिनो, बार ही प्रौढांचीच ठिकाणे. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र क्लब मोठ्या परदेशी जहाजांवर असतो. आपल्याकडच्या दोन-तीन रात्रींच्या सफरीत तो असेलच असे नाही, म्हणून आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे. आमच्या पहिल्या सफरीत पंधरा वर्षांच्या चिरंजीवांनी पहिली संध्याकाळ वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून काढली. आम्ही मात्र त्यांना एका कार्यक्रमातून दुसऱ्या कार्यक्रमाला ओढत नेण्याच्या खटपटीत होतो, आणि चूक नेमकी तीच होती. या वयाच्या मुलांना करमणूक आयती नको असते. मोकळीक आणि जबाबदारीचे एखादे काम मिळाले की ती आपापली रमतात.

फोनचा प्रश्न घरीच सोडवावा. किनारा मागे पडला की नेहमीचे नेटवर्क जाते आणि फोन जहाजाच्या उपग्रहावर चालणाऱ्या नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो, ज्याचे दर साध्या रोमिंगपेक्षा बरेच जास्त असतात. आमच्याकडे सफरीनंतर जे बिल आले, त्यात आणखी एक रात्र जहाजावर राहता आले असते. म्हणून बंदर सोडतानाच सगळ्यांनी, आईवडिलांनीसुद्धा, फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. वाय-फायचे पॅकेज घ्यायचे असेल तर रोज किती वेळ वापरायचे हे आधी ठरवावे. आणि गाणी, चित्रपट, आकाशाचा नकाशा दाखवणारे एखादे ॲप घरूनच उतरवून घ्यावे. सोबत पत्त्यांचे दोन कॅट हवेतच. मेंढीकोटला चार डोकी लागतात, आणि चौथे डोके शोधायला मुलगा शेजारच्या टेबलावर गेला की ओळखीचा प्रश्न आपोआप सुटतो.

सुटण्याच्या सुमारास सुरक्षेचा सराव असतो. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की कुठे जमायचे, लाइफ जॅकेट कसे बांधायचे, आजोबांना कोणत्या जिन्याने न्यायचे, हे सारे कुटुंबाच्या वतीने लक्षात ठेवण्याचे काम मुलाकडे द्यावे. ते त्याला पोरकट वाटले, तर 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कलंडले, तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांचा असा सराव झालेलाच नव्हता, हे सांगावे. त्या दुर्घटनेनंतरच जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आला.

मुंबई बंदरातून बाहेर पडतानाचा पहिला दीड-दोन तासांचा वेळ केबिनमध्ये बॅगा लावण्यात मुळीच घालवू नये. बॅलार्ड पिअरहून निघालेले जहाज दक्षिणेकडे वळले की उजव्या हाताला आधी गेटवे ऑफ इंडिया, मग कुलाब्याचे टोक आणि त्यापुढे प्राँग्ज दीपगृह दिसते. थळच्या समोर, डावीकडे, खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तटबंदीला हात घातला तो हाच किल्ला; तिथले दीपगृह 1867 चे, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंदल्या गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे. दिवेलागणीची वेळ झाली असेल तर मुलाच्या हाती घड्याळ द्यावे. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेल्या तालात होते आणि त्या तालावरूनच खलाशी ते ओळखतात. दोन झोतांमधले सेकंद मोजून वहीत टिपायचे, एवढाच हा खेळ. आमच्या मुलाने पहिल्यांदा खाली मान घालणे सोडले ते इथे. दुसऱ्या रात्री किनाऱ्यावर कुठेतरी दिवा लुकलुकला, तेव्हा आम्हाला उठवायला तोच आला.

गणिताशी ज्यांचे जमते त्यांना क्षितिज मोजायला सांगावे. डोळ्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला 3.57 ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये येते. म्हणजे पंचवीस मीटर उंचीच्या डेकवरून ते साधारण 18 किलोमीटर भरते. रात्री वरच्या डेकचा अंधारा कोपरा गाठून उत्तरेला ध्रुव शोधावा. हात सरळ ताणून मूठ आडवी धरली की आकाशातले सुमारे दहा अंश झाकले जातात. मुंबईच्या समुद्रात ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर असतो, गोव्यापाशी दीड मूठ, आणि जहाज कोचीपर्यंत गेले तर एकच, कारण ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांशच. जानेवारी ते मार्चच्या संध्याकाळी दक्षिणेला अगस्त्य हा तारा तेजस्वी दिसतो आणि जहाज दक्षिणेकडे सरकते तसा तो उलट रात्रीगणिक वर चढत जातो. भूगोलाच्या तासाला जांभया देणारी मुलेही स्वतःच्या मुठीने पृथ्वीचा गोलावा मोजायला तयार होतात, असा आमचा अनुभव आहे.

मोकळिकीबाबत आईवडिलांनी छाती घट्ट करावी. जहाज म्हणजे एक कुंपण असलेले छोटे गाव, आणि रस्ता ओलांडण्याची धास्ती नसलेले असे गाव मुलांना एरवी मिळत नाही. मुलाच्या हाती जहाजाचे स्वतःचे कार्ड, म्हणजे केबिन उघडणारे आणि खर्च नोंदवणारे, द्यावे, मात्र त्यावर खर्चाची मर्यादा घालता येते का हे रिसेप्शनवर विचारावे. नियम मोजके पण पक्के असावेत: अनोळखी माणसाच्या केबिनमध्ये पाऊल टाकायचे नाही, कठड्यावर चढायचे किंवा त्यावर रेलून सेल्फी काढायचा नाही, रात्री उशिरा उघड्या डेकवर एकट्याने जायचे नाही, आणि रात्रीचे जेवण सगळ्यांनी एकत्रच घ्यायचे. फोन चालत नसल्यामुळे केबिनच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून जाण्याची जुनी पद्धत इथे उत्तम चालते. सकाळी मात्र त्याला झोपू द्यावे. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दुपारी बारालाही मध्यरात्र असते. न्याहारीची वेळ टळली तर एखादा सँडविच आणून ठेवावा आणि त्यावर प्रवचन देऊ नये.

बोट लागण्याची शक्यता धरून चालावे. मळमळू लागले की फोन आणि पुस्तक बाजूला ठेवून जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावे, शक्य असल्यास क्षितिजाकडे पाहावे. आल्याची वडी जवळ असावी आणि गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून त्रास सुरू होण्याआधी घ्यावी.

बंदरावरचा दिवस पूर्णपणे मुलाच्या स्वाधीन करून पाहावा. गोव्यात जहाज मुरगावला लागते. ठरावीक रक्कम आणि परतीची वेळ सांगून बेत त्यालाच आखू द्यावा, अट एवढीच की जहाजाने दिलेल्या वेळेच्या तासभर आधी सगळे परत आले पाहिजेत. जुन्या गोव्यातले बॉम जीझस चर्च आणि पणजीतली फोंतेन्यास ही जुनी वस्ती गाठायची तर अर्धा दिवस जातो, हे त्याला टॅक्सीचे दर विचारतानाच कळते. आमच्या मुलाने बोगमाळो रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय निवडले, कारण ते बंदराच्या जवळ होते आणि उरलेल्या पैशांत भरपूर खाता येणार होते. लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात थांबते आणि लहान होड्यांतून उतरावे लागते. तेव्हा आजोबांना बोलते करावे. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीतून पडावात उतरताना डोक्यावर ट्रंक कशी सांभाळायची, हे त्यांना अजून आठवत असते.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगितले असेल, तर सकाळचे कपडे मुलाने बाजूला काढले आहेत की नाही हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. आमचे चिरंजीव मुंबईला झोपायच्या चड्डीत उतरले.