आरओच्या पाण्याचं कल्चर: नमुना कधी आणि कसा घ्यावा

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी डायलिसिस टेक्निशियन आहे. नवीन मुलंमुली कामाला आली की मशीन लावायच्या आधी मी त्यांना आरओच्या (बारीक पडद्यातून दाबाने गाळून शुद्ध केलेल्या) पाण्याचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून मोजण्यासाठी, घ्यायला शिकवते. मिनिटाला ५०० मिली धरलं तर चार तासांत १२० लिटर डायलिसेट (याच पाण्यात क्षार मिसळून केलेलं द्रावण) पेशंटच्या रक्ताशेजारून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. म्हणून हे काम उरकायचं नाही.

आधी तारीख ठरवा. लूपचं (आरओचं पाणी मशीनपर्यंत फिरवणाऱ्या पाइपच्या वेढ्याचं) डिसइन्फेक्शन ज्या दिवशी आहे, त्याच दिवशी, केमिकल सोडायच्या आधी नमुना घ्या. पेरासिटिक ॲसिड फिरवून दुसऱ्या दिवशी घेतला तर रिपोर्ट छानच येणार. पण महिनाभरात पाणी सगळ्यात वाईट कुठवर गेलं, हे त्यातून कळत नाही, आणि आपल्याला तेच हवंय.

जागाही तशीच, वाईटातली वाईट निवडा. कार्बन टँक क्लोरीन काढून टाकतो, काढलाच पाहिजे, नाहीतर पेशंटच्या तांबड्या पेशी फुटतात. पण त्यानंतर पाण्याला राखणदार उरत नाही. पाणी जिथे साचून राहतं, वापरात नसलेला फाटा असतो, टाकीचं झाकण सैल असतं, तिथे पाइपच्या आतून बुळबुळीत थर धरतो आणि सूडोमोनाससारखे जिवाणू त्यात घर करतात. म्हणून लूप जिथे टाकीकडे परततो ते टोक, शेवटच्या मशीनचा पॉइंट, डायलायझर (रक्त गाळायचा फिल्टर) पुन्हा वापरायला धुण्याचा, म्हणजे रिप्रोसेसिंगचा नळ आणि बायकार्ब (डायलिसेटमधला सोडा) कालवायची टाकी, एवढ्या जागा सोडू नका. आरओच्या तोंडाशीच बाटली भरणारे मी पाहिलेत. तिथलं पाणी सहसा चांगलंच असतं.

हात धुऊन ग्लोव्हज घाला. नळ पूर्ण उघडून किमान एक मिनिट वाहू द्या. नळाला ब्लीच लावू नका, त्याचा अंश बाटलीत गेला तर जिवाणू तिथेच मरतात. स्पिरिट लावलंत तर पूर्ण वाळू द्या. मग धार न थांबवता निर्जंतुक बाटलीत ५० मिलीच्या वर पाणी घ्या, झाकणाच्या आत बोट लावू नका. एंडोटॉक्सिनसाठी (जिवाणूंच्या आवरणातला ताप आणणारा विषारी अंश) लॅबकडून वेगळी, पायरोजेन-फ्री, म्हणजे असे अंश नसलेली बाटली मागवा. लगेच तपासणी होणार नसेल तर बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठू देऊ नका, आणि २४ तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा.

लॅबशी आधी बोलून घ्या. पुष्कळ ठिकाणी पिण्याच्या पाण्याची कोलीफॉर्म टेस्ट करून ‘पिण्यास योग्य’ असा कागद हातात देतात. आपल्या कामाला तो निरुपयोगी आहे. आर-टू-ए किंवा टीजीईए मीडियावर (जिवाणू वाढवायच्या खाद्यावर) १७ ते २३ अंशांना सात दिवस ठेवतात का, ते विचारा. आपल्याकडच्या उन्हात त्यासाठी थंड ठेवणारा इनक्युबेटर लागतो. तो नसेल तर टीएसए या दुसऱ्या मीडियावर ३५ अंशांना ४८ तास, हीसुद्धा मान्य पद्धत आहे.

मिलीलिटरमागे १०० सीएफयूच्या (वाढून दिसणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतींच्या) आत हवं, पण ५० दिसले की लगेच कामाला लागा. एंडोटॉक्सिन मिलीलिटरमागे ०.२५ ईयूच्या (एंडोटॉक्सिन मोजायचं एकक) आत, आणि ०.१२५ ला सावध व्हा. कल्चर शून्य आलं तरी एंडोटॉक्सिन पाहाच: मेलेल्या जिवाणूंचे अवशेषही ताप आणतात. डिसइन्फेक्शननंतर स्ट्रिपने केमिकल उरलेलं नाही याची खात्री केल्याशिवाय पेशंट लावू नका.

आणि तारखेची वाट न पाहता नमुना घ्यायची वेळही येते. येताना ताप नसलेल्या पेशंटला तासाभरात थंडी वाजली, बीपी उतरलं, शेजारच्या मावशींनाही तसंच झालं, तर डॉक्टरांना हाक मारा, डायलिसिस थांबवायचं का ते त्यांना ठरवू द्या, ब्लड कल्चर जाऊ द्या. त्याच वेळी त्या मशीनचं डायलिसेट आणि तिच्या पॉइंटचं पाणी बाटलीत घ्या. मशीन धुवायची घाई करणाऱ्याला थांबवा, आधी नमुना.