सेफ्टीत यायचंय? मग फी भरायच्या आधी हे वाचा

डिप्लोमा मेकॅनिकल करून कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात लागलो आणि तीन वर्षांनी डोक्यात घेतलं की सेफ्टी ऑफिसर व्हायचं. घाई लई होती, म्हणून पुण्यातल्या एका खाजगी क्लासचा तीन आठवड्यांचा 'सेफ्टी डिप्लोमा' करून आलो. फी वडिलांनी उसाच्या बिलातनं दिली. मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंटरव्ह्यूला गेलो, तिथल्या साहेबांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "हे कुठल्या बोर्डाचं?" मला काय सांगताच आलं नाही. त्या दिवशी घरी जायला पाय उचलत नव्हते.

तर नीट ऐका. कारखान्यात कायद्यानं नेमावा लागणारा सेफ्टी ऑफिसर वेगळा आणि नुसता सेफ्टीचा कोर्स केलेला माणूस वेगळा. महाराष्ट्राच्या 1982 च्या सेफ्टी ऑफिसर नियमांप्रमाणं इंजिनिअरिंगची डिग्री असेल तर 2 वर्षं आणि डिप्लोमा असेल तर 5 वर्षं अनुभव लागतो, तोही कारखान्यातला आणि सुपरवायझर म्हणून केलेला, आणि त्यावर सरकारमान्य इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा. म्हणजे एमएसबीटीईचा (महाराष्ट्राचं तंत्रशिक्षण बोर्ड) एडीआयएस, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी, किंवा सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा. नेबॉश हे दुसरं सेफ्टीचं सर्टिफिकेट वाईट नाही, गल्फला जायचं असेल तर जरूर करा, पण ते ब्रिटनचं आहे, इथं या जागेसाठी ते एडीआयएसच्या बदली चालत नाही. क्लासवाला "ऑल इंडिया व्हॅलिड" म्हणाला तर एकच विचारा, मान्यता कुणाची? कागद दाखवा. नाही दाखवला तर उठायचं.

आणि त्या 'सुपरवायझर' शब्दानं मला दुसऱ्यांदा मारलं. मी सेकंड शिफ्ट एकटा सांभाळत होतो, पण लेटरवर हुद्दा 'ट्रेनी'. तीन वर्षांतलं एकही वर्ष धरलं नाही. काम काय केलं याला कोण विचारत नाही, लेटरवर काय लिहिलंय ते बघतात. काहीजण अनुभवाचं लेटर विकत घेतात, ते मला अजिबात पटत नाही, उद्या तुमच्या सहीवर माणूस भट्टीपाशी उभा राहणार असतो.

घाबरू नका पण, जागा आहेत. पूर्वी कारखान्यात 1000 कामगार असले तर सेफ्टी ऑफिसर नेमायची अट होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या ओएसएच कोडमध्ये (कामगारांच्या सुरक्षेचा नवा केंद्रीय कायदा) ती 500 वर आलीय, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर 250. फौंड्री त्या धोकादायक यादीतच येते, म्हणजे आपल्या भागातल्या पोरांना वाव आहे.

फक्त कागदावर राहू नका. मला सेफ्टी शिकवली ती आमच्या फर्नेसवरच्या मामांनी. जुलैचा पाऊस, स्क्रॅप उघड्यावर पडलेलं. चार्जिंगला, म्हणजे भट्टीत टाकायला माल आला तसं मामांनी त्यातला पायपाचा एक तुकडा उचलून तिरका केला, आतनं वाटीभर पाणी सांडलं. म्हणाले, "हे आत गेलं असतं तर आपण दोघं इथं नसतो बाळा." चौदाशे डिग्रीच्या वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की त्याची एका क्षणात वाफ होते, सोळाशे पटीच्या वर फुगते आणि सगळा रस वर उडवते. त्या तीन आठवड्यांत हेल्मेटचे रंग पाठ करून घेतले, ओल्या स्क्रॅपचा एक शब्द नव्हता. म्हणून म्हणतो, गुरू फोनवरच्या व्हिडिओत शोधू नका, कारखान्यात कामावर वीस वर्षं उभा असलेला माणूस शोधा, त्याच्याबरोबर चहा प्या, फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करताना) धूळ कुठनं येते, लेडल (रस ओतायचं भांडं) कधी तापवून घेतात, सगळं विचारा. आणि बिहार-ओडिशाची पोरं असतील तर हिंदी नीट बोला, कामगारांची भाषा यायला पाहिजे हे त्या 1982 च्या नियमातच लिहिलंय.

एडीआयएस मी नंतर केलं, उशिरा का होईना झालं, तुमचंही होईल. तोवर आज घरी गेल्यावर तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि हुद्द्यापुढं काय लिहिलंय ते बघा. ट्रेनी किंवा हेल्पर असेल आणि काम सुपरवायझरचं करत असाल, तर सोमवारी एचआरकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.