लोकप्रतिनिधींकडे निवेदन नेताना संघटनांनी या चुका टाळाव्यात

‘निवेदन दिले, पण पुढे काहीच झाले नाही,’ ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील बहुतेक कामगार संघटनांच्या बैठकीत ऐकू येते. अंगणवाडी सेविका असोत, बांधकाम कामगार असोत, विडी वळणाऱ्या महिला असोत की साखर कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार असोत, प्रत्येक संघटनेच्या फायलीत आमदारांच्या हाती निवेदन देतानाचे छायाचित्र असते आणि त्यापुढचे पान कोरे असते. लोकप्रतिनिधींच्या अनास्थेला दोष देणे सोपे आहे आणि पुष्कळदा तो दोष खराही असतो. परंतु कित्येक निवेदने अशी लिहिलेली असतात की मनापासून मदत करू पाहणाऱ्या आमदारालाही त्यांचे नेमके काय करावे हे कळू नये. पुढील चुका त्या दुसऱ्या प्रकारातल्या आहेत, म्हणजे संघटनेला स्वतः दुरुस्त करता येण्याजोग्या.

आपला प्रतिनिधी कोण, हे न तपासणे

बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत आणि ते लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागलेले आहेत. बेळगाव आणि चिकोडी ही दोन नावे सर्वांना ठाऊक असतात. पण खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात मोडतात, हे कार्यकर्त्यांच्याही लक्षात राहत नाही. खानापूरच्या संघटनेने बेळगावच्या खासदारांना दिलेले पत्र वाया जाते असे नाही, मात्र ते ‘माझ्या मतदारसंघातले नाही’ या एका वाक्याने बाजूला पडू शकते. कडोली, काकतीकडील गावे बेळगाव शहराला लागून असली तरी यमकनमर्डी मतदारसंघात आणि त्यामुळे चिकोडी लोकसभा मतदारसंघात येतात. निवेदनावर सह्या घेतानाच प्रत्येक सभासदाच्या नावापुढे गाव आणि विधानसभा मतदारसंघ लिहून घेतला, तर एकाच प्रश्नावर कोणकोणत्या आमदारांकडे किती मतदार घेऊन जाता येईल याचा हिशोब आपोआप तयार होतो. आमदारांचे पीए पहिली चौकशी नेमकी हीच करतात.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. निपाणी भागातील कामगार कागलच्या औद्योगिक वसाहतीत जातात, बेळगाव परिसरातील कामगार चंदगड तालुक्यातील शिनोळीला जातात. मतदान कर्नाटकात आणि कामाची जागा महाराष्ट्रात, अशी त्यांची स्थिती असते. किमान वेतन, कारखान्यातील सुरक्षितता, ठेकेदाराने थकवलेला पगार या प्रश्नांवर सामान्यतः कारखाना ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कामगार खात्याचा अधिकार चालतो. अशा वेळी निपाणीच्या आमदारांनी बेंगळुरूत कितीही आवाज उठवला तरी कर्नाटकच्या कामगारमंत्र्यांच्या हाती काही नसते. चंदगड आणि कागल हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात आहेत, म्हणून मूळ निवेदन तिकडचे आमदार, कोल्हापूरचे खासदार आणि तिकडचे कामगार कार्यालय यांच्याकडे गेले पाहिजे. आपल्या आमदारांकडून त्याला जोडण्यासाठी एक पाठिंब्याचे पत्र घ्यावे, तेवढे पुरे. तिकडच्या आमदारांना आपली मते मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. ती भरून काढायची तर त्याच कारखान्यातील चंदगड-कागलचे मतदार असलेले कामगार शिष्टमंडळात पुढे बसवावेत.

विधान परिषदेचे सदस्य तर बहुतेक संघटनांच्या विस्मरणातच असतात. वायव्य पदवीधर आणि वायव्य शिक्षक या मतदारसंघांत बेळगावसह विजयपूर आणि बागलकोट हे जिल्हे येतात. शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून निवडून आलेल्या सदस्यांचे मतदार म्हणजे ग्रामपंचायतींचे आणि पालिकांचे सदस्य असतात. ग्रामपंचायतीतील वॉटरमन किंवा बिल कलेक्टर यांच्या वेतनाचा प्रश्न मांडायला याहून योग्य माणूस सापडणे कठीण, कारण त्याचा गावोगावच्या पंचायतींशी नित्याचा संबंध असतो.

केंद्राचा आणि राज्याचा प्रश्न एकाच पत्रात मिसळणे

आमदार म्हणतात ‘हे दिल्लीचे काम’, खासदार म्हणतात ‘हे बेंगळुरूचे’, आणि संघटना मधल्या मध्ये फिरत राहते. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत, असल्यामुळे ही टोलवाटोलवी सहज शक्य होते. तिच्यावर उपाय एकच, मागणीचे आधी तुकडे पाडणे.

अंगणवाडी सेविकांचे मानधन हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने मुख्य अंगणवाडीतील सेविकेसाठी दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनीसासाठी २,२५० रुपये ठरवले. ही रक्कम केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात आणि तिच्यावर राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून भर घालते. ‘मानधन वाढवा’ एवढेच लिहिलेले पत्र आमदार आणि खासदार दोघांनाही दिले, तर दोघांनाही सुटकेची वाट मिळते. खासदारांच्या पत्रात केंद्राची मूळ रक्कम वाढवण्याची मागणी असावी, आमदारांच्या पत्रात राज्याची भर वाढवण्याची. आणि पैसे मंजूर असूनही खात्यावर जमा झाले नसतील तर ती तिसरीच गोष्ट आहे, तिचा जाब तालुक्याच्या सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) कार्यालयापासून विचारायला सुरुवात होते.

ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन पूर्णपणे केंद्राच्या अखत्यारीत आहे. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली, आणि ती वाढवून मागणारे निवेदन निवृत्त साखर कामगारांनी पालकमंत्र्यांना देण्यात वेळेचा अपव्ययच आहे. विडी कामगारांच्या कल्याण योजनाही केंद्रीय कामगार मंत्रालयाकडेच आहेत. या योजनांना पैसा पुरवणारा विडी उपकर जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये रद्द झाला, त्यामुळे त्यांच्या निधीचा प्रश्न निपाणीकरांनी चिकोडीच्या खासदारांपुढे मांडायला हवा. याउलट बांधकाम कामगार कल्याण मंडळ राज्याचे आहे, म्हणून मुलांच्या शैक्षणिक साहाय्याचे अर्ज अडकले असतील तर आमदार आणि राज्याचे कामगारमंत्री हेच पत्ते बरोबर. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) मात्र केंद्र आणि राज्य दोघांचेही हात आहेत: २१,००० रुपयांची वेतनमर्यादा केंद्राची, बहुतेक दवाखाने चालवणारा विभाग राज्याचा. औषधे मिळत नाहीत ही तक्रार आणि मर्यादा वाढवा ही मागणी एकाच पत्रात आली की दोन्ही रखडतात.

कायद्याचा हवाला देतानाही तारीख पाहावी. जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. जुन्या निवेदनातली १९४७ आणि १९४८ च्या कायद्यांची कलमे तशीच उतरवून दिली, तर अधिकाऱ्याला पत्र परत पाठवायला आयतेच कारण मिळते.

अधिवेशन सुरू झाल्यावर जागे होणे

बेळगावातील सुवर्णसौध या कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी झाले. तेथे भरणारे हिवाळी अधिवेशन म्हणजे उत्तर कर्नाटकातील संघटनांसाठी वर्षातील सर्वात मोठी संधी असते, आणि सर्वात जास्त वाया जाणारीही. महामार्गालगतच्या आंदोलनस्थळी तंबू पडतात, घोषणा होतात, एखादे मंत्री तंबूत येऊन निवेदन स्वीकारतात आणि ‘सरकार सकारात्मक आहे’ असे सांगून जातात. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. अधिवेशन संपते, सचिव बेंगळुरूला परततात, आणि निवेदन कोणत्या पेटीत गेले हे कोणालाच सांगता येत नाही.

तंबूत दिलेल्या शब्दाची नोंद कोठेही होत नाही. सभागृहात मंत्र्यांनी दिलेले आश्वासन मात्र कामकाजात नोंदले जाते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. म्हणून आंदोलन अवश्य करावे, पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या आमदारांकडून प्रश्न दाखल करून घ्यावा. प्रश्नांना आगाऊ सूचना द्यावी लागते. लोकसभेत ती किमान पूर्ण १५ दिवसांची असते आणि विधानसभेतही प्रश्न आयत्या वेळी स्वीकारले जात नाहीत. डिसेंबरच्या अधिवेशनासाठी ऑक्टोबरच्या अखेरीस आमदारांना गाठणे, हा हिशोब सुरक्षित आहे.

‘आमचा प्रश्न मांडा’ असे सांगून भागत नाही. प्रश्नाचा मसुदा संघटनेनेच तयार करून द्यावा, म्हणजे आमदारांच्या कार्यालयाला तो फक्त तपासून पाठवावा लागतो. उदाहरणार्थ:

‘(अ) बेळगाव जिल्ह्यात नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या मुलांचे शैक्षणिक साहाय्याचे किती अर्ज प्रलंबित आहेत? तालुकावार माहिती द्यावी. (आ) त्यांपैकी एक वर्षाहून अधिक काळ प्रलंबित असलेले किती? (इ) ते निकाली काढण्यास सरकारने कोणती मुदत ठरवली आहे?’

अशा प्रश्नाचे उत्तर तयार करण्यासाठी खात्याला जिल्ह्यातून आकडे मागवावे लागतात, आणि आकडे मागवले गेले की तुंबलेल्या फायलीही हलू लागतात. हा मसुदा कन्नडमध्ये असावा आणि त्यावर ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’, म्हणजे तारांकित प्रश्न, असा स्पष्ट उल्लेख असावा, कारण मंत्र्यांना तोंडी उत्तर देणे आणि उपप्रश्नांना सामोरे जाणे त्याच प्रकारात भाग पडते.

भाषेच्या आग्रहात मागणी अडकवणे

हा विषय नाजूक आहे, म्हणून स्पष्टच लिहिलेले बरे. राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. मराठीत निवेदन देणे हा आपला हक्क आहे आणि तो वापरावा. परंतु उत्तर त्याच भाषेत मिळेल असे ते कलम म्हणत नाही, आणि बेंगळुरूच्या कार्यालयातील कारकुनाला मराठी वाचता येत नसेल तर पत्र टेबलावर पडून राहणार. मराठी निवेदनाला कन्नड प्रत जोडली तर हक्कही राहतो आणि कामही होते. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा: २००५ च्या कायद्यानुसार तो इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा लागतो, म्हणून कर्नाटकच्या कार्यालयात तो कन्नड किंवा इंग्रजीतच द्यावा.

याहून मोठी चूक म्हणजे थकलेल्या पगाराच्या निवेदनात सीमाप्रश्न किंवा फलकांच्या भाषेचा मुद्दा घालणे. ते प्रश्न कमी महत्त्वाचे आहेत असे मुळीच नाही. पण संघटनेत कन्नड आणि उर्दू बोलणारे सभासदही असतात, आणि त्यांच्या सह्यांवर असा मुद्दा पुढे रेटला तर पुढच्या वेळी त्या सह्या मिळत नाहीत. मग आमदारांनाही ‘हा एका गटाचा विषय आहे’ असे म्हणायला जागा होते.

पत्रात सर्व काही आणि नेमके काहीच नसणे

‘अंगणवाडी सेविकांच्या विविध मागण्या मान्य करून त्यांना न्याय मिळवून द्यावा.’ या वाक्यावर कोणता अधिकारी कोणती कृती करणार? त्याऐवजी असे लिहावे: ‘सोबतच्या यादीतील सेविकांना जुलै ते सप्टेंबर या महिन्यांचे मानधन मिळालेले नाही. सीडीपीओ कार्यालयाला दिलेल्या पत्राची पोच जोडली आहे. महिला व बालकल्याण खात्याच्या उपसंचालकांना पत्र लिहून रक्कम कोणत्या तारखेपर्यंत जमा होईल, याची लेखी माहिती आपण मागवावी.’ आमदारांनी नेमके काय करायचे, कोणाला लिहायचे आणि काय मागायचे, हे शेवटच्या वाक्यात आले पाहिजे. पत्र एका पानाचे असावे, मागण्या तीनांहून अधिक नसाव्यात, लेटरहेडवर संघटनेचा नोंदणी क्रमांक असावा. आमदार किंवा खासदार निधीतून अंगणवाडीची इमारत होऊ शकते, मानधन देता येत नाही, हेही ध्यानात ठेवून मागावे.

पुढच्या निवडणुकीत दाखवून देऊ, ही भाषा पत्रात नको. बोलताना तर मुळीच नको, कारण समोरच्याला मतांचे गणित आपल्यापेक्षा चांगले कळते. सरकारी कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या बदलीसाठी आमदारांची चिठ्ठी नेणे वर्तणूक नियमांत अडचणीचे ठरते, म्हणून संघटनेच्या सामूहिक निवेदनात वैयक्तिक बदल्यांची नावे घुसडू नयेत.

पोच न घेणे, आणि नंतर विचारायलाही न जाणे

छायाचित्र म्हणजे पोच नव्हे. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पंधरवड्यानंतर फोन केला की ‘साहेब बेंगळुरात हाईत, आल्यावर सांगतो’ हे उत्तर ठरलेले असते. तेव्हा साहेब कधी येणार हे विचारण्यात अर्थ नाही. आमच्या पत्रावर खात्याला पत्र गेले का आणि त्याचा जावक क्रमांक काय, एवढेच विचारावे. तो क्रमांक मिळाला की पुढचे काम सोपे होते, कारण आता चौकशी त्या खात्याकडे करता येते. तेथेही दाद लागली नाही तर त्याच क्रमांकाचा उल्लेख करून माहिती अधिकारात ‘या पत्रावर काय कार्यवाही झाली’ असे विचारावे. कर्नाटकच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची.

पत्र गेल्याचेच नाकारले, किंवा क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, तर बैठकींचा मार्ग धरावा. तालुक्याची केडीपी (कर्नाटक विकास कार्यक्रम) आढावा बैठक आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते, जिल्ह्याची पालकमंत्र्यांच्या, आणि केंद्रीय योजनांचा आढावा घेणारी ‘दिशा’ समितीची बैठक खासदारांच्या. त्या बैठकांना खात्याचे अधिकारी समोर बसलेले असतात आणि इतिवृत्त लिहिले जाते. बैठकीची तारीख तालुका पंचायत किंवा जिल्हा पंचायत कार्यालयातून काढावी, आदल्या दिवशी आमदारांच्या पीएंच्या हाती अर्ध्या पानाचे टिपण द्यावे आणि बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत मागावी. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर नवी घोषणा मिळणार नाही. त्या काळात आधीच मंजूर झालेल्या रकमेच्या वाटपाचीच विचारणा करावी आणि नव्या मागणीचे पत्र निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात नेण्यासाठी तयार ठेवावे.