पाच मिनिटांत जॉन क्विन्सी ॲडम्स कसे सांगाल?

परळच्या शाळेत मी मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करते. विषय ‘अमेरिकेचे सुरुवातीचे एक राष्ट्राध्यक्ष’ असला की बहुतेक जण वॉशिंग्टन नाहीतर जेफरसन धरतात. तुम्ही सहावे अध्यक्ष घ्या, जॉन क्विन्सी ॲडम्स. माझे फार आवडते आहेत.

जन्मतारखेने सुरुवात करू नका. थेट २१ फेब्रुवारी १८४८ वर या. ऐंशी वर्षांचे एक सभासद अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आपल्या जागेवर कोसळतात आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत प्राण सोडतात. मग सांगा, हे माजी राष्ट्राध्यक्ष होते. सर्वोच्च पद भोगलेला माणूस साधा सभासद होऊन तिथे का बसला? हा प्रश्न परीक्षकांपुढे ठेवा आणि भाषणभर त्याचंच उत्तर द्या.

बालपण दोन वाक्यांत. सातव्या वर्षी आई ॲबिगेलसोबत टेकडीवरून अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातली बंकर हिलची लढाई पाहिली. चौदाव्या वर्षी फ्रेंच येत होतं म्हणून अमेरिकी दूताचे सचिव होऊन रशियाला गेले. पुढे परराष्ट्रमंत्री असताना १८१९ च्या करारात स्पेनकडून फ्लोरिडा मिळवला.

१८२४ च्या निवडणुकीत मुलं हमखास अडखळतात. प्रतिस्पर्धी अँड्र्यू जॅक्सनना ९९ इलेक्टोरल मतं (म्हणजे राज्यांनी नेमलेल्या निवडकांची मतं), ॲडम्सना ८४, बहुमत कुणालाच नाही. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, प्रत्येक राज्याला एक मत. २४ पैकी १३ राज्यं ॲडम्सना मिळाली. चौथे आलेले हेन्री क्ले त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि मग परराष्ट्रमंत्री झाले, म्हणून सौदेबाजीचा आरोप झाला. हे लपवू नका, परीक्षक विचारतातच. रस्ते, कालवे, वेधशाळा अशा त्यांच्या बहुतेक योजना काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अडवल्या आणि १८२८ मध्ये ते हरले.

आता खरी दोन मिनिटं. १८३१ मध्ये ते प्रतिनिधिगृहात आले. गुलामगिरीविरोधी अर्जांवर चर्चाच होऊ नये असा नियम १८३६ मध्ये झाला. ॲडम्स तरीही अर्ज मांडत राहिले. १८४४ मध्ये तो नियम रद्द झाला. मधल्या काळात, १८४१ साली, ‘ॲमिस्टाड’ जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली आणि ते सुटले. इथे आवाज चढवू नका, सावकाश बोला.

सराव गच्चीवर करा, खालून गाड्यांचे हॉर्न वाजत असताना. आणि स्पर्धेत चौथ्या मिनिटाची घंटा लवकर वाजेलसं वाटलं तर रशिया गाळा, फ्लोरिडा गाळा. ॲमिस्टाड गाळू नका.