फ्लॅट फूट आहेत? मग निदान या चुका तरी टाळा

माझे दोन्ही पाय लहानपणापासून सपाट. ओल्या पायाने फरशीवर उभी राहिले की अख्खा तळवा उमटतो, मध्ये कमानीची खोबणीच नाही. गेली वीस वर्षं या पायांवरच नोकरी केलीय, तीही उभ्याची, त्यामुळे कुठे काय दुखतं आणि कशाने थांबतं हे चांगलंच कळलंय. आणि दर थोड्या दिवसांनी ओळखीतलं कोणीतरी त्याच त्या चुका करून येतं आणि म्हणतं "काहीच उपयोग होत नाही गं". म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट. पाय सपाट आहेत पण दुखत नाहीत, चालताना त्रास नाही, तर काहीही करू नका. सपाट पाय हा आजार नाही, बऱ्याच जणांचे असतात आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही. फक्त एक तपासणी करा: चवड्यांवर उभे राहा आणि कोणालातरी मागून बघायला सांगा. कमान वर येत असेल आणि टाच आतल्या बाजूला वळत असेल तर पाय लवचिक आहे, चांगलंय. कमान अजिबात येत नसेल, पाऊल लाकडासारखं ताठ राहत असेल आणि वर दुखतही असेल, तर घरी व्यायाम करत बसू नका, हाडांच्या डॉक्टरकडे जा. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांमध्ये असा ताठ पाय आणि सारखं मुरगळणं दिसलं तर पावलातली दोन हाडं एकमेकांना जोडलेली असू शकतात, ते व्यायामाने सुटत नाही.

लहान मुलांचं म्हणाल तर दोन-तीन वर्षांच्या बाळाचा पाय सपाटच दिसतो, तळव्याखाली चरबीची गादी असते. कमान हळूहळू तयार होत जाते, साधारण सहा ते दहा वर्षांपर्यंत. १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इन्सर्ट (बुटात ठेवायचे आधार) घालायला दिले होते, आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्या पायात आणि यांच्या पायात फरक दिसला नाही. त्यामुळे न दुखणाऱ्या पायासाठी पोराला जड बूट घालू नका, पळू दे त्याला.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, आर्च सपोर्ट, म्हणजे बुटात कमानीखाली ठेवायचा आधार. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात असं माझं ठाम मत आहे. मीही केली. पहिला कडक प्लास्टिकचा आर्च सपोर्ट आणला आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षेच्या ड्युटीला घालून गेले. दिवसभर उभंच राहायचं होतं, म्हटलं आजच तर खरी गरज आहे. अकरा वाजेपर्यंत कमानीखाली गोटी ठेवल्यासारखं वाटायला लागलं, दुपारी तळव्याला फोड, आणि संध्याकाळी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ की जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. पुढचे दोन आठवडे गुडघा धरून बसले आणि सपोर्ट गेला ड्रॉवरमध्ये, तो तिथे दीड वर्ष पडून होता, कारण मी ठरवूनच टाकलं की मला हे सूट होत नाही. नंतर एका फिजिओथेरपिस्टनी तोच सपोर्ट, अगदी तोच, मला परत घालायला लावला. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासभर वाढवायचा, दुखलं तर एक दिवस मागे यायचं. तीन आठवड्यांत पूर्ण दिवस घालायला लागले आणि संध्याकाळी पाय भरून येणं निम्म्याने कमी झालं. वर्षानुवर्षं जो पाय आत कलून चालतोय त्याला तुम्ही एका दिवसात सरळ धरून ठेवलं तर गुडघा, कंबर सगळेच तक्रार करणार ना!

त्यातच अजून एक, बुटात आधीपासून असलेला इन्सोल (आतली गादी) काढून मगच सपोर्ट टाका. एकावर एक ठेवला की टाच वर येते आणि बुटातून सुटते. आणि सपोर्टच्या खाली पेनाने तारीख लिहून ठेवा, मी लिहिते. अंगठ्याने कमान दाबली आणि सहज खाली बसली की तो संपला, मग तो कितीही स्वच्छ दिसू दे. शिवाय सपोर्टने कमान "तयार" होत नाही, तो फक्त आधार आहे, काढला की पाय पुन्हा तसाच.

डायबेटिस असेल, पायाला बधिरपणा असेल तर कडक सपोर्ट स्वतःच्या मनाने घालूच नका, जखम झालेली कळत नाही. आणि अशा माणसाचं पाऊल अचानक लाल, गरम, सुजलेलं दिसलं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर.

बुटांबद्दल थोडक्यात: संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबून बघा, तो दबला नाही पाहिजे. बूट बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. दुकानात ढगावर चालल्यासारखे वाटणारे मऊ मऊ बूट मी हातातसुद्धा घेत नाही, सपाट पाय त्यात अजून आत कलतो.

पोटरी ताणण्याकडे मात्र जवळपास सगळ्यांचं दुर्लक्ष होतं आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. १९४७ मध्ये हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी कॅनडाच्या साडेतीन हजारांहून जास्त सैनिकांचे पाय तपासले होते, त्यात दिसलं की नुसता लवचिक सपाट पाय फारसा त्रास देत नाही, पण त्याच्या जोडीला टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, आखूड असेल तर देतो. कारण साधं आहे, पोटरी आखडलेली असली की घोटा पुरेसा वाकत नाही, मग पाऊल मधूनच खचून ती कसर भरून काढतं. आणि गंमत म्हणजे पोटरी ताणतानाही आपण तेच करतो! भिंतीला हात लावून उभे राहतो, मागचा पाय बाहेरच्या बाजूला फाकवतो, कमान जमिनीला टेकते, आणि वाटतं काय मस्त ताण बसतोय. तो पोटरीला बसतच नाही, कमानीवर जातो. मी असं करते: पावलाच्या आतल्या कडेखाली छोटा टॉवेल गुंडाळून ठेवते, दुसरं बोट बरोब्बर भिंतीकडे, टाच जमिनीला घट्ट. तीस सेकंद गुडघा सरळ ठेवून, तीस सेकंद किंचित वाकवून, असं तीनदा. पहिल्यांदा नीट केलं तेव्हा भिंतीपासून निम्म्या अंतरावरच पोटरी तटतटली होती.

बाकी व्यायामात बोटांनी टॉवेल गोळा करणं सगळे करतात, माझ्या मते त्यापेक्षा बोटं न वळवता चवडा टाचेकडे ओढणं जास्त कामाचं, दात घासताना करते मी. बोटं आखडली तर चुकलं. टाचांमध्ये टेनिस बॉल दाबून चवड्यांवर वर-खाली हेही चांगलं. पण निदान तीन महिने द्या, चार दिवसांत "फरक नाही" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. आणि कुठेतरी वाचून एकदम अनवाणी पळायला सुरुवात करू नका, प्लीज.

शेवटची चूक आमच्या घरातली, आणि ती मला अजून लागते. माझ्या ताईचा डावा घोटा आतून सुजायला लागला, चाळिशीनंतर. आमच्या घरात सगळ्यांचेच पाय सपाट, म्हणून मीच तिला म्हटलं, अगं आपल्याला असतंच हे, माझा सपोर्ट घाल. आठ महिने तिने तो घातला. मग एकदा तिला मागून चालताना बघितलं तर डाव्या पायाची तीन-चार बोटं बाहेरच्या बाजूने दिसत होती, उजव्याचं जेमतेम एक. तिला म्हटलं डाव्या पायावर उभी राहून टाच उचल, तर उचलताच येईना. घोट्याच्या आतल्या हाडामागून एक टेंडन खाली जातं, कमान तेच धरून ठेवतं, ते झिजत चाललं होतं. वेळेवर गेलो असतो तर थोडक्यात निभावलं असतं, तिला कित्येक आठवडे पाय बुटासारख्या पट्ट्यात अडकवून ठेवावा लागला. म्हणून एकच पाय नव्याने सपाट होतोय, घोटा आतून सुजलाय, एका पायावर टाच उचलत नाहीये, यातलं काहीही दिसलं तर सपोर्ट आणायला जाऊ नका, डॉक्टर गाठा. जाताना रोजच्या वापरातले जुने बूट पिशवीत घालून न्या, धुवू नका. ताईच्या डॉक्टरांनी आधी तिच्या चपला उलट्या करून बघितल्या होत्या, डावीची आतली कड पार घासून गुळगुळीत झाली होती.